पावसाळ्यापुरती उभी केलेली गाडी नऊ महिने उभी राहिली: एका चिरेवाहू ट्रकचं प्रकरण

पार्श्वभूमी

सिंधुदुर्गात जांभ्या दगडाचे चिरे वाहणाऱ्या गाड्यांचं वर्ष आठ महिन्यांचं. जूनमध्ये चिरेखाणींत पाणी भरतं, सड्यावरच्या (कातळाच्या उघड्या पठारावरच्या) वाटांचा लाल चिखल होतो आणि ट्रक कुणाच्या ना कुणाच्या अंगणात जाऊन उभे राहतात. बहुतेक मालक गाडी उभी करताना दोनच गोष्टी करतात. हौद्यावर ताडपत्री टाकतात आणि बॅटरीची वायर काढतात. त्यातली दुसरी बऱ्याचदा राहून जाते. मग दसऱ्याला गाडी चालू होत नाही, आणि महामार्गालगतच्या आमच्यासारख्या गॅरेजवाल्यांची दिवाळी तीन आठवडे आधीच सुरू होते.

हे प्रकरण देवगड तालुक्यातल्या एका मालकाच्या गाडीचं. त्यांना इथं तात्या म्हणतो. ओळख पटेल असे तपशील गाळलेत, बाकी सगळं घडलं तसं लिहिलंय. गाडी 2012 ची, सहाचाकी, सहा सिलिंडरचं टर्बो इंजिन, धुराच्या जुन्या बीएस-3 मानकाची, जुन्या पद्धतीचा इनलाइन डिझेल पंप, एअर ब्रेक, 160 लिटरची टाकी. तात्या स्वतःच चालवायचे. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात ते गॅरेजात आले ते कमरेला पट्टा बांधूनच. मणक्याचं ऑपरेशन ठरलं होतं. पुढं चार-पाच महिने स्टिअरिंगला हात लावायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. क्लीनर आधीच मुंबईला निघून गेलेला. गाडी भाड्यानं दुसऱ्याच्या हाती द्यायची नाही, विकायचीही नाही. "दिवाळीपर्यंत ठेवूक व्हयी," एवढीच मागणी.

अडचण नेमकी काय होती

उभी गाडी झिजत नाही असा समज आहे. घाटावर तो थोडाफार खरा असेल. आमच्याकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. हवेत इतकी ओल असते की पडवीत वाळत घातलेला टॉवेल चार दिवस ओलाच राहतो. तात्यांचं घर खाडीपासून अर्ध्या किलोमीटरवर, म्हणजे त्या ओलीला मिठाची जोड.

गाडी तपासली तेव्हा तीन गोष्टी खटकल्या. चेसिसच्या कोनाड्यांत चिऱ्यांची लाल भुकटी बोटभर जाडीनं बसली होती. ही भुकटी स्पंजासारखं काम करते. बाहेरून चेसिस सुकली तरी आत महिनाभर ओल धरून ठेवते, आणि पत्रा तिथूनच खायला लागतो. दुसरं, रेडिएटरचं झाकण काढलं तर आत चहासारखं पाणी. तात्या वर्षानुवर्षं घरच्या विहिरीचं पाणी ओतत आले होते, आणि खाडीकाठच्या त्या विहिरीचं पाणी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतं. "आपल्याकडे बर्फ पडत नाही, कूलंट कशाला?" हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी ऐकावा लागतो. कूलंटमध्ये गोठण्याविरुद्धच्या द्रव्याबरोबर गंज रोखणारी द्रव्यंही असतात, आणि कोकणात आपल्याला गरज त्यांचीच असते. तिसरं, टाकीत जेमतेम वीस लिटर डिझेल होतं.

समोर असलेले पर्याय

पहिला प्रश्न जागेचा. तीन जागा होत्या. तात्यांच्या मावसभावाची कोल्हापूरला शेड होती. फोंडा घाट चढला की मीठ मागं राहतं आणि पाऊसही बराच कमी. मला हीच जागा पसंत होती. पण तिथं गाडीकडे बघणार कोण, आणि बॅटऱ्या-टायर शाबूत राहतील याची हमी काय, असा तात्यांचा सवाल होता. दुसरी जागा गावाच्या वर दीड किलोमीटरवरचा सडा. जमीन कातळाची, पाणी साचत नाही, चाकं रुतत नाहीत. पण वाऱ्याला काही आडोसा नाही आणि रात्री तिकडं कुणी फिरकत नाही. तिसरी जागा घरापुढचं अंगण. एका बाजूला माडांचं आगर, अंगण आगराकडे किंचित उतरतं आणि कडेला चिऱ्यांचा गडगा, म्हणजे बुटकी भिंत.

तात्यांना अंगण हवं होतं. कारण त्यांनी सांगितलं नाही, मला नंतर कळलं. ऑपरेशननंतर खाटेवर पडल्या पडल्या खिडकीतून गाडी दिसायला हवी होती. मी हो म्हटलं. तांत्रिकदृष्ट्या ती जागा दुसऱ्या क्रमांकाची होती, आणि उताराचा विचार मी पुरेसा केला नाही. त्याकडे पुढं येतोच.

दुसरा प्रश्न डिझेलचा: टाकी रिकामी करायची की भरायची? तात्या रिकामी करा म्हणत होते. मी गळ्यापर्यंत भरा म्हणत होतो. रिकामी टाकी श्वास घेते. दिवसा तापली की आतली हवा बाहेर, रात्री गार झाली की बाहेरची दमट हवा आत. उघड्या पत्र्यावर त्या हवेचं पाणी होऊन ओघळतं आणि जड असल्यामुळं तळाशी जाऊन बसतं. पाणी आणि डिझेल जिथं एकमेकांना भिडतात त्या थरात बुरशी आणि जिवाणू वाढतात. त्यांचा काळपट, शेंबडासारखा गाळ फिल्टर बुजवतो. टाकी भरलेली असली तर हवेला जागाच नसते. तात्यांनी हिशेब केला. "पंधरा हजाराचा डिझेल पावसात कुजत ठेवू? माका खुळो समजलंस काय?" मी म्हटलं, कुजत नाही, दिवाळीला तेच जाळायचंय. शेवटी इंजिनाच्या डिझेल पंपाच्या दुरुस्तीचा खर्च सांगितला तेव्हा ते गप्प झाले.

तिसरा प्रश्न सगळ्यात जास्त वाजला. तात्यांचं म्हणणं, "आठवड्यान एकदा चालू करून ठेवूया, म्हणजे इंजिन मोकळा रवतला." हे जवळपास प्रत्येक मालक म्हणतो. पण पाच मिनिटं जागेवर चालवलेलं डिझेल इंजिन नीट तापतच नाही. जळण्यातून निघालेली वाफ सिलिंडरमध्ये, सायलेन्सरमध्ये आणि ऑइलात पाणी होऊन राहते. स्टार्टरनं बॅटरीतून जेवढं ओढलं तेवढंही बऱ्याचदा पाच मिनिटांत पुरतं भरत नाही. चालवायचीच तर वीस-पंचवीस किलोमीटर, तापमानाचा काटा मधोमध येऊन तिथं टिकेपर्यंत, रस्त्यावर चालवा. ते जमणार नसेल तर अजिबात हात लावू नका. तात्यांकडे चालवणारा माणूस नव्हता. म्हणून पूर्ण बंद ठेवायचं ठरलं.

मे महिन्यात काय केलं

धुलाई हे काम कमी दर्जाचं समजतात. मी त्यावर पूर्ण दिवस घालवला. गोड्या पाण्याचा टँकर मागवला, प्रेशरनं चेसिस आतून धुतली, आणि लाल पाणी यायचं थांबेपर्यंत धूत राहिलो. दोन दिवस कडक ऊन मिळालं. नंतर गंज खरवडून प्रायमर आणि वर मेणासारखा थर धरणारं कोटिंग मारलं. गावातली पद्धत काळं ऑइल डिझेलमध्ये मिसळून फवारायची आहे. ती स्वस्त असते आणि स्प्रिंगच्या पाट्यांवर चालूनही जाते. पण रबरी बुश आणि होस त्यानं फुगतात, आणि पहिल्याच पावसात ते ऑइल अंगणातून विहिरीकडे वाहतं. तात्यांची विहीर वीस फुटांवर होती.

इंजिन ऑइल आणि फिल्टर गाडी उभी करायच्या आधी बदलले. "वापरायची नाही तर नवीन ऑइल कशाला, चालू करताना टाकू," हा तर्क वरवर बरोबर वाटतो. पण वापरलेल्या ऑइलात आम्ल आणि ओल उतरलेली असते, आणि पाच महिने बेअरिंग त्यातच भिजत पडतात. रेडिएटर दोनदा धुऊन तयार मिळणारं कूलंट भरलं. डिझेल फिल्टर बदलले, टाकीच्या तळाचा बोल्ट सोडून आधी पाणी काढलं, मग टाकी भरली. बुरशी रोखणारं द्रव्य कणकवलीत मिळालं नाही. ते कोल्हापूरहून आणवलं आणि बाटलीवरच्या मापानं घातलं. त्यानंतर इंजिन अर्धा तास चालवलं, म्हणजे औषध घातलेलं डिझेल पंपात आणि नोझलपर्यंत पोचलं. झाकणाला कुलूप लावलं.

हवा आत घेणाऱ्या नळीच्या तोंडावर जाड प्लास्टिकची पिशवी टेपनं घट्ट बांधली. सायलेन्सरच्या तोंडात कापडाचा बोळा आणि वर पिशवी. हे उंदरांसाठी आणि पावसासाठी तर आहेच, पण कोकणात कुंभारीण माशीसाठीही आहे. ही माशी बोटाएवढं भोक दिसलं की त्यात मातीचं घर बांधते. एका गाडीच्या डिझेल टाकीच्या श्वासनळीत तिनं घर केलं होतं, आणि गाडी बंद का पडते ते शोधायला मला दीड दिवस लागला होता.

क्लचच्या पॅडलवर लाकडी दांडा ठोकून पॅडल दाबलेलं ठेवलं, म्हणजे प्लेट फ्लायव्हीलला गंजून चिकटत नाही. बॅटऱ्या काढून पडवीत लाकडाच्या फळीवर ठेवल्या. महिन्यातून एकदा चार्ज करायचं आणि हायड्रोमीटरनं (बॅटरीतल्या आम्लाची घनता मोजणाऱ्या नळीनं) बघायचं, हे तात्यांच्या पुतण्याला शिकवलं. बारावीचा मुलगा, त्यानं वही घातली.

हौद्याचं ओझं काढलेलं होतंच. गाडी ठोकळ्यांवर उचलायची की नाही यावर थोडा वाद झाला. तात्या म्हणाले, चिरे आहेत की ढीगभर, त्यावर ठेवू. चिरा भिंतीत पसरून भार घेतो. ॲक्सलच्या एका टोकाखाली दिला तर भुगा होऊन फुटतो, आणि खाली माणूस असेल तर संपला. लाकडी ठोकळे दिले तर जमिनीतून वाळवी चढते. पाच महिन्यांसाठी उचलण्याची गरज नाही असं ठरवलं. टायरवर लिहिलेल्या कमाल मर्यादेपर्यंत हवा भरली आणि चाकं डांबर लावलेल्या फळ्यांवर घेतली.

ताडपत्री गाडीला गुंडाळली नाही. गुंडाळली की आतल्या आत घाम सुटतो. चार वासे रोवून वर पत्रे टाकले आणि पावसाच्या बाजूला, पडवीला बांधतात तशी, झापांची झडी (विणलेल्या झावळ्यांचा आडोसा) बांधली. केबिनच्या काचा बोटभर उघड्या ठेवून जाळी लावली.

आता ब्रेक. इथं मी जे केलं त्यावरच हे सगळं प्रकरण फिरतं. मागच्या चाकांच्या ब्रेक चेंबरमध्ये जाड स्प्रिंग असते. हवेच्या टाकीत हवा असेपर्यंत ती दाबलेली राहते. हॅन्डब्रेक ओढला किंवा हवा संपली की स्प्रिंग सुटते आणि शू (ब्रेकच्या कमानदार पट्ट्या) चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला जाऊन बसतात. गाडी महिनोन्‌महिने अशी राहिली की शू ड्रमला गंजून चिकटतात. ते टाळायला चेंबरच्या मागचा लांब बोल्ट आवळून स्प्रिंग दाबून धरता येते. मी चाकांना पुढून-मागून मोठे दगड लावले, हवा भरलेली असतानाच दोन्ही बोल्ट आवळले, आणि मग टाक्यांच्या तळाच्या कॉकमधून हवा आणि पाणी सोडून दिलं. (ते चेंबर स्वतः उघडायच्या भानगडीत कुणी पडू नये. आतली स्प्रिंग माणूस मारते.)

म्हणजे आता गाडीला दगड सोडले तर कुठलाच ब्रेक नव्हता. हे मला माहीत होतं. तात्यांना मी तोंडी सांगितलं, पण ते तेव्हा ऑपरेशनच्या चिंतेत. गाडीवर कुठंही लिहिलं नाही.

आरटीओला गाडी वापरात नसल्याची आगाऊ सूचना तात्यांच्या भावानं ओरोसला जाऊन दिली. त्यात गाडी कुठं उभी आहे तेही लिहून द्यावं लागतं. विमा चालू ठेवला.

गणपतीत काय झालं

जून ते ऑगस्ट सुरळीत गेले. मी दोनदा जाऊन आलो. झडीतून पाणी येत नव्हतं, केबिनमध्ये सीटवर थोडी बुरशी, ती पुसली. पुतण्याच्या वहीत बॅटरीचे आकडे 1.250 च्या खाली उतरले नव्हते.

गणपतीच्या आदल्या दिवशी मुंबईहून चाकरमानी आले. दोन गाड्या अंगणात लावायच्या होत्या, ट्रक आडवा येत होता. तात्यांचे मेव्हणे मुंबईत अनेक वर्षं टेम्पो चालवलेले. त्यांनी ठरवलं, ट्रक चार फूट पुढं घेऊ आणि जाता जाता इंजिनही मोकळं करू. पडवीतल्या बॅटऱ्या उत्तम चार्ज होत्या, त्यामुळं काम सोपं झालं. क्लचवरचा दांडा काढला. पुढच्या चाकांचे दगड काढले, आणि गाडी फळ्यांवरून उतरावी म्हणून मागचेही काढले.

इंजिन लगेच चालू झालं. सायलेन्सरमधला बोळा बंदुकीसारखा सुटला आणि कोंबड्या आगरात पळाल्या. सगळे हसले. हवा कमी असल्याचा बझर वाजत होता. मेव्हण्यांना वाटलं, गाडी बरेच दिवस बंद होती म्हणून वाजतोय. एरवी हवा नसलेला ट्रक जागचा हलतच नाही, स्प्रिंगच धरून ठेवते. इथं स्प्रिंग मी बांधून ठेवलेली. गिअर टाकल्यावर गाडी निमूट फळ्यांवरून उतरली.

पुढं जायला ॲक्सिलरेटर दिला तशी नळीवरची पिशवी आत ओढली गेली, काळा धूर आला आणि इंजिन गुदमरून बंद पडलं. मेव्हण्यांनी सवयीनं क्लच आणि ब्रेक दोन्ही दाबले. ब्रेकच्या पॅडलखाली हवा नव्हती. हॅन्डब्रेक ओढला, त्याला अर्थ नव्हता. गाडी आगराच्या उतारानं सावकाश, माणूस चालतो त्या वेगानं निघाली आणि गडग्यावर जाऊन थांबली. गडगा सात-आठ फूट कोसळला. बंपर वाकला. इजा कुणाला झाली नाही.

मी संध्याकाळी पोचलो. तात्या वॉकर धरून पडवीत उभे होते. मेव्हणे कोपऱ्यात. "मी काय वायट केलंय? इंजिनाचाच भला बघीत होतंय," असं दोनदा म्हणाले. तात्यांनी त्यांना काहीच म्हटलं नाही. माझ्याकडे बघून म्हणाले, "गडगो परत रचूक येता. त्येच्यार पोरगो बसलेलो असतो तर?" दुपारी दोन वाजता त्या गडग्यावर पोरं बसून माटवीला (गणपतीवर टांगायच्या लाकडी चौकटीला) बांधायच्या फळांच्या दोऱ्या वळत होती.

मेव्हण्यांची चूक मी फार मोठी मानत नाही. सराईत ड्रायव्हर होते, आणि ट्रक जसा वागायला हवा तसा वागेल असं त्यांनी धरलं. तो तसा वागणार नाही अशी व्यवस्था मी केली होती आणि कुणाला दिसेल असं काही लावलं नव्हतं. बोळा, पिशवी, दांडा, बोल्ट. प्रत्येक गोष्ट गाडीच्या भल्याची, आणि एकूण मिळून सापळा.

त्याच संध्याकाळी दगड लावले. गणपती गेल्यावर दुसऱ्या ट्रकनं ओढून गाडी अंगणाच्या सपाट कोपऱ्यात घेतली. फळ्या पुन्हा घालायच्या राहिल्या, कारण पाऊस जोरात होता आणि आम्ही दमलो होतो. फाटलेल्या पिशवीचे तुकडे एअर फिल्टरनंच अडवले होते, पुढं काही गेलं नव्हतं. स्टिअरिंगला दोरीनं पाटी बांधली, ऑइलपेंटनं लिहून: "ब्रेक नाहीत. हवेची नळी बंद आहे. चालू करू नये." खाली माझा मोबाइल नंबर. बॅटऱ्या मी गॅरेजवर नेल्या, चावी तात्यांच्या उशाखाली गेली. ऑइल पुन्हा बदलावं का, हा प्रश्न होता. इंजिन दोन मिनिटंच चाललं म्हणून बदललं नाही.

दिवाळीनंतरचा निर्णय

दिवाळीला डॉक्टरांनी आणखी तीन महिने सांगितले. आता हवा कोरडी, रस्ते सुके. माझा सल्ला बदलला होता: महिन्यातून एकदा ड्रायव्हर बोलावून पंचवीस किलोमीटर फिरवून आणू. पण मधल्या काळात गाडीच्या फिटनेसची मुदत संपली होती, बीएस-3 गाडीची सहा महिन्यांची पीयूसीही गेली होती, आणि आरटीओला गाडी वापरात नाही असं लिहून दिलेलं. रस्त्यावर काढायची तर आधी सगळे कागद. तात्या म्हणाले, राहू दे. गाडी तशीच राहिली.

हा निर्णय चुकला असं नाही, पण तो आम्ही पाच महिन्यांच्या तयारीवर नऊ महिन्यांचं ओझं टाकून घेतला. पावसात शत्रू पाणी होतं. भातकापणी झाली आणि गवताची उडवी नेमकी ट्रकच्या मागच्या बाजूला रचली गेली. उंदरांना याहून चांगला शेजार कुठं मिळणार? मी त्या काळात एकदाही गेलो नाही. लग्नसराईच्या गाड्यांचं काम होतं, ही सबब.

मार्चमध्ये गाडी चालू करताना

शिमग्याआधी तात्या स्वतः चालत गाडीपर्यंत आले. चालू करण्याचा क्रम आधी कागदावर लिहिला आणि पुतण्याला वाचायला लावला. पिशव्या आणि बोळा काढला, श्वासनळ्यांत तार घालून पाहिली. कुंभारीण यंदा आली नव्हती. टाकीच्या तळातून काचेच्या बाटलीत डिझेल काढलं. खाली दोन बोटं पाणी, त्यावर डिझेल स्वच्छ, गाळ नाही. पंधरा हजारांबद्दल तात्या मग काही बोलले नाहीत.

ऑइल भरण्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मात्र ताकासारखा पांढरट थर होता. दोन मिनिटांच्या त्या चालण्याची ती निशाणी असावी. ऑइल बदललं, गणपतीत वाचवलेला खर्च मार्चमध्ये केला.

मग स्टॉपर ओढून धरला, म्हणजे डिझेल जाणार नाही, आणि दहा-दहा सेकंद तीन वेळा नुसतं इंजिन फिरवलं. तिसऱ्या वेळी ऑइलचा काटा हलला. नऊ महिन्यांत टर्बो आणि बेअरिंग कोरडे पडलेले असतात, पहिला चटका त्यांना बसू नये म्हणून हे करायचं. स्टॉपर सोडल्यावर दुसऱ्या प्रयत्नात इंजिन लागलं. मिनिटभर पांढरा धूर, मग आवाज गोल झाला. हवेचा काटा सात किलोच्या आसपास येईपर्यंत थांबलो, हॅन्डब्रेक सोडला की हवा स्प्रिंग दाबून धरते ते तपासलं, आणि दगड तसेच ठेवून चेंबरचे बोल्ट सोडले. मागची चाकं अगदी मोकळी होती.

नुकसान मोजायचं तर असं. टेल लॅम्पकडे जाणारी वायरिंग उंदरांनी दोन फूट खाल्लेली. पुढच्या डाव्या चाकाचा ब्रेक जाम, कारण ग्रीस मारताना मी मागच्यावर जास्त लक्ष दिलं. डाव्या बाजूचा एक टायर कधीतरी बसला होता आणि तसाच उघड्या जमिनीवर दबून राहिल्यानं बाजूनं फाटला. फळ्या परत घातल्या असत्या, किंवा आठवड्यातून एकदा कुणी गाडीभोवती चक्कर मारली असती, तरी तो वाचला असता. आणि दोनपैकी एक बॅटरी मेली. ही पडवीतल्या पोराच्या हाती ठणठणीत होती, माझ्या गॅरेजात चार्जरपासून दहा फुटांवर पडून मेली. तिचे पैसे मी तात्यांकडून घेतले नाहीत.

पुन्हा करायचं झालं तर

पाटी पहिल्याच दिवशी लागेल, यात वादच नाही. तीन पाट्या: स्टिअरिंगवर, डिझेलच्या झाकणावर आणि बॅटऱ्यांवर. गाडी जिथं उभी असेल त्या घरात बॅटऱ्या ठेवणारच नाही.

ब्रेकचा निर्णय माझ्या मनात आजही पूर्ण सुटलेला नाही. बोल्ट आवळल्यामुळं मागचे ड्रम वाचले हे खरं. पण चिकटलेले शू सोडवायला ड्रमवर हातोडा आणि अर्धा दिवस लागतो, फार तर लायनर जातात. माणसांचा, पोरांचा वावर असलेल्या अंगणात मी आता बोल्ट आवळणार नाही, शू चिकटले तर चिकटू देईन. गाडी सड्यावर असेल, आजूबाजूला कुणी नसेल, तर आवळेन.

मुदतीबद्दल मालक जे सांगेल त्याच्या दीडपट धरून तयारी करेन. ऑपरेशन, कोर्टाची तारीख, भावांची वाटणी, यातलं काही ठरल्या दिवशी संपत नाही. पाच म्हणाले तर आठ महिन्यांची: म्हणजे गाडी उचलून लोखंडी घोड्यांवर (स्टँडवर), आणि दिवाळीला पुन्हा एक पूर्ण तपासणी, तारीख आधीच ठरवून.

गाडी नव्या बीएस-6 मानकाची असती तर यादीत आणखी एक प्रकरण आलं असतं, धूर स्वच्छ करायला लागणाऱ्या युरियाच्या द्रावणाच्या टाकीचं. ते द्रावण उकाड्यात टिकत नाही, वर्षभर ठेवून पुन्हा वापरायचं नसतं, आणि सुकलं की त्याचे पांढरे खडे नळ्या बुजवतात. शिवाय चावी बंद केल्यावर लगेच मेन स्विच काढायचा नाही. नळ्यांतलं द्रावण परत टाकीत ओढून घ्यायला यंत्रणेला काही मिनिटं द्यावी लागतात. गेल्या जूनमध्ये अशी एक गाडी उभी करायची होती, तिच्या मालकाशी उन्हाळ्यातच बोललो.

तात्या आता चिरे वाहत नाहीत, पुतण्या वाहतो. गडगा परत रचलाय, पण नवे चिरे जुन्यांपेक्षा लाल दिसतात. पाटी केबिनमध्ये सीटमागं ठेवलेली आहे. जून आला की पुतण्या ती काढतो, माझा नंबर पुसट झालाय का बघतो आणि स्टिअरिंगला बांधतो.